बर्फ कमी असेल तर स्नोमोबाइल कडेने घ्या

घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बाइक तापते ती वारा मिळत नाही म्हणून. लिक्विड-कूल्ड स्नोमोबाइलला मात्र बर्फच लागतो. ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा रबरी पट्टा, फिरताना उडालेला बर्फ वरच्या कूलरवर आपटून वितळतो, त्यानेच कूलंट थंड होतं. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांचं वंगणही तोच. तो नसला की पट्ट्या घासून वितळतात.

तेव्हा ठाण्याहून गुलमर्गला निघालेल्या मंडळींनो, घट्ट बर्फावर, बर्फ खरवडून वर उडवणारे स्क्रॅचर खाली सोडा आणि अधूनमधून कडेच्या भुसभुशीत बर्फात शिरा. (साध्या सळईचे स्क्रॅचर रिव्हर्सआधी उचला, वाकतात.) तापमानाचा दिवा लागला की इंजिन बंद. गाडी भाड्याची असली तरी चालकाला सांगायला लाजू नका.