बोट ओढताना आणि पाण्यात उतरवताना या चुका टाळा

ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या छोट्या बोटीचे बहुतेक घोटाळे दोन कारणांनी होतात. काम चुकीच्या क्रमाने केलं जातं, किंवा पाणी जिथे शिरायला नको तिथे शिरलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही गोष्टी जमिनीवर असतानाच पकडता येतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग जमिनीवरच्या कामांबद्दल आहे.

जोडणी आणि वजन

गाडीच्या बॉलवर (मागे ट्रेलर जोडायचा गोळा) आणि ट्रेलरच्या कपलरवर (त्या गोळ्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड) आकार कोरलेला असतो. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. २ इंची कपलर १ ७/८ इंची बॉलवरही बसतो आणि त्याची खिट्टीही लागते, त्यामुळे चूक दिसत नाही. मोठ्या खड्ड्यात ट्रेलर उसळला की मात्र तो सुटू शकतो. खात्री करण्याची सोपी रीत अशी: खिट्टी लावल्यावर पुढच्या जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं वर उचला. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर उचलला गेला तर जोडणी पक्की. कपलर एकटाच वर आला तर बॉल आत बसलेलाच नाही.

सुरक्षा साखळ्या कपलरखालून एकमेकींना छेद देऊन लावा. कपलर सुटलाच तर ट्रेलरचं तोंड त्या फुलीवर पडतं, रस्त्यात रुतत नाही. साखळ्या वळणावर ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल आणि जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड हव्यात.

ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागला तर बहुतेक वेळा दोष वजनाच्या मांडणीत असतो. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर यावा. गाडी आणि ट्रेलर बनवणाऱ्यांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. बोटीचं इंजिन मागे असतं, बॅटरी आणि टाकीही बऱ्याचदा मागे असते. त्यात नांगर, शीतपेटी आणि जादा इंधनाचे डबे मागेच कोंबले की पुढचा भार पार कमी होतो. १०० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ७५ किलो, त्यामुळे रिकाम्या टाकीने नीट चाललेला ट्रेलर भरल्या टाकीने झुलू शकतो. सामान पुढे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या हँडलच्या चरकाचा खांब पुढे घेऊन बोटच पुढे बसवावी लागते.

चालत्या रस्त्यावर झुलणं सुरू झालं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायला जाऊ नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त तो हाताने हलकासा लावा.

टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक पाहा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही ताजी दिसली तरी टायर बदला. हवा टायर थंड असताना तपासा. आणखी एक गोष्ट घरीच करून पाहा: गाडीचा जॅक आणि पाना ट्रेलरला चालतो का? स्टेपनी आहे पण नट उघडत नाहीत, हा प्रसंग फार सर्रास येतो.

बेअरिंग: बोटीच्या ट्रेलरचं खरं दुखणं

इतर कुठल्याही ट्रेलरची चाकं तापलेली असताना पाण्यात बुडवली जात नाहीत. बोटीच्या ट्रेलरची दर फेरीला बुडतात. प्रवासात हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, गरम होतो, आतली हवा प्रसरण पावते. तो थंड पाण्यात गेला की हवा एकदम आकसते आणि मागच्या ऑइल सीलच्या कडेतून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस दुधाळ होतं. मग ट्रेलर काही आठवडे उभा राहतो, रोलरवर गंजाचे बारीक ठिपके पडतात, आणि पुढच्या प्रवासात तेच ठिपके बेअरिंगची वाटी खरवडून काढतात. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. १५-२० मिनिटं सामान लावण्यात घालवा, तेवढ्यात हब निवतो.

वाटेत थांबाल तेव्हा प्रत्येक हबला हाताची मागची बाजू हळूच लावा. कोमट असेल तर ठीक. एकच हब बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. चाकाच्या आतल्या बाजूला रिमवर ग्रीसचे फराटे दिसले तर मागचं सील गेलं आहे. चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवल्यावर खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजलं आहे.

वर्षातून एकदा हब उघडावाच. टोपी, स्प्लिट पिन, कॅसल नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग या क्रमाने काढा, हब ओढून घ्या, मागचं सील उचकटून आतलं बेअरिंग बाहेर काढा. सगळं रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा. रोलरवर किंवा वाटीवर खड्डे, निळसर डाग दिसले तर बेअरिंग आणि वाटी जोडीनेच बदला. मरीन ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नुसतं बाहेरून चोपडलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोहोचत नाही. जुन्या ग्रीसमध्ये वेगळ्या जातीचं नवं मिसळू नका, काही ग्रीस एकत्र आले की पातळ होऊन वाहून जातात. सील नेहमी नवं घाला. शेवटी चाक फिरवत नट घट्ट करा, मग पाव फेरी मागे घ्या आणि फक्त बोटांनी बसेल तितकाच आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवा, आवळून नाही. घट्ट बेअरिंग सैल बेअरिंगपेक्षा लवकर जळतं.

हबवर स्प्रिंगची ग्रीस टोपी असेल तर पंप मारत बसू नका. आतली चकती थोडी बाहेर सरकली की थांबा. जादा दाबाने ग्रीस मागचं सीलच ढकलून देतं आणि ज्यासाठी टोपी लावली तेच पाणी मोकळेपणाने आत येतं. लांबच्या प्रवासात दोन्ही बेअरिंग, सील, नट, पिना आणि ग्रीसचा डबा सोबत हवाच. ग्रीस भरलेला अख्खा जादा हब ठेवलात तर रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात सुटका होते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. ब्रेक मारला की सगळे दिवे मंद होतात, किंवा इंडिकेटरबरोबर दुसरे दिवेही लुकलुकतात, तेव्हा आधी बल्ब बदलू नका. दोष बहुधा अर्थिंगच्या तारेत असतो. चौकटीला जोडलेलं तिचं टोक खरवडून स्वच्छ करा आणि वर ग्रीस लावा. पाण्यात जाण्याआधी दिव्यांचा प्लग काढा, कारण तापलेला बल्ब थंड पाण्यात तडकतो.

रॅम्पवर: क्रम चुकला की बोट काँक्रीटवर

रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावर, फक्त बोट उतरवायची. बाकी सगळं वरच्या सपाट जागेत उरकायचं: तळाचं (पाणी काढायच्या भोकाचं) बूच लावणं, मागचे पट्टे सोडणं, इंजिनाचा आधार काढणं, पुढे-मागे दोर बांधणं, दिव्यांचा प्लग काढणं, बॅटरीचा स्विच चालू करणं. मागचे पट्टे सोडायचे राहिले तर बोट तरंगत नाही, किंवा ट्रेलरलाच उचलू लागते.

पण नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा पट्टा आणि सुरक्षा साखळी सपाट जागेत सोडू नका. बोटीचा मागचा भाग पाण्याने उचलला जाईपर्यंत दोन्ही लावलेलेच राहू द्या. बोट रोलरवर टेकलेली असते अशा ट्रेलरवर नाळ मोकळी असेल तर उतारावरच्या एका हिसक्याला बोट मागे घसरते आणि इंजिनाचा खालचा पंख थेट काँक्रीटवर आपटतो. विंचचा खटका सोडताना हँडल घट्ट धरा. सुटलेलं हँडल भरारा फिरतं, त्याने मनगट मोडतं.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. ट्रेलर वाकडा झाला तर मागे जात सुधारू नका, पुढे या, सरळ व्हा, पुन्हा मागे घ्या. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा झटकन वळतो, म्हणून स्टिअरिंग थोडं थोडंच हलवा. इंजिन वर उचललेलं असू द्या.

मडगार्डचा वरचा काठ पाण्याला टेकला की थांबून बघा, बऱ्याच ट्रेलरना तेवढी खोली पुरते. गाडी उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग गिअर टाका, मग चाकामागे पाचर. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर असतो आणि तीच चाकं शेवाळावर उभी असतात. गाडीत कुणाला बसवून ठेवू नका.

बूच विसरलंच तर बोट मागून जड वाटते आणि तळाचा पंप थांबत नाही. ट्रेलर जवळ असेल तर लगेच त्यावर घ्या, पण तसंच वर ओढू नका. आत शिरलेलं प्रत्येक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि बोट चढावर आली की ते सगळं मागे धावतं. ट्रेलरचं तोंड उचललं जातं, गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ती जागच्या जागी फिरू लागतात. बुचाचं भोक पाण्याबाहेर आलं की तिथेच थांबा, पाणी वाहून जाऊ द्या, मग चढा.

परत चढवताना इंजिनाचा जोर लावून बोट ट्रेलरवर चढवू नका. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोताने रॅम्पच्या टोकाखालची माती उकरली जाते, खड्डा होतो, आणि पुढच्या कुणाचं तरी ट्रेलरचं चाक त्या काठावरून खाली पडतं. विंच वापरा. बोट ओढून वर आणल्यावर नाळ ती टेकायच्या पुढच्या रोलरपासून चार बोटं मागे राहिलेली दिसली तर ट्रेलर जास्त खोल गेला होता. थोडं मागे जाऊन पुन्हा ओढून घ्या. विंचच्या पट्ट्यावर तो सगळा ताण घेऊन रस्त्याला लागू नका.

इंजिन ऐनवेळी दगा देतं तेव्हा

स्टार्टर फिरतच नसेल तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का आणि बॅटरीचा स्विच चालू आहे का बघा. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर सुरक्षा दोरीची (चालकाला बांधलेली, ओढली गेली की इंजिन बंद करणारी) क्लिप जागेवर आहे का पाहा. स्पार्क प्लग खोलण्याआधी हे तिन्ही बघायला एक मिनिट लागतं.

इंजिन सुरू होतं, काही मिनिटं चालतं आणि मरतं, ही तक्रार सुटी टाकी वापरणाऱ्यांची नेहमीची. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो. इंधन बाहेर जातं, हवा आत येत नाही. इंधनाच्या पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा चपटा पडलेला असेल तर हेच कारण, किंवा टाकीतली जाळी तुंबलेली. फुगा कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर पाइप कुठून तरी हवा ओढतो आहे. जोडण्यांच्या रिंगा तपासा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा.

बंदिस्त जागेत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीत सुरू करण्याआधी निदान ४ मिनिटं ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवा आणि तळाशी वास घेऊन बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघते. हे कधीही टाळू नका.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडलीच पाहिजे. धार नसेल तर इंजिन बंद. आधी धारेच्या भोकात नायलॉनची जाड दोरी घालून बघा, अनेकदा फक्त तेच तुंबलेलं असतं. मग खालच्या जाळीवर पिशवी किंवा शेवाळ चिकटलंय का पाहा. दोन्ही साफ असूनही धार नसेल तर पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) गेला. तो पाण्याविना काही सेकंदांतच जळू लागतो, म्हणून अंगणात इंजिन कोरडं चालवून बघू नका. नवा बसवताना जुन्याच्या सगळ्या पात्या मोजा. तुटलेली पाती वरच्या मार्गात अडकलेली असते आणि नवा पंप असूनही इंजिन तापत राहतं.

इंजिनाचा आवाज चढतो पण बोट वेग घेत नाही, तेव्हा पंख्याच्या मध्यातलं रबर सुटलेलं असतं. अगदी कमी वेगात परतता येतं. जादा पंखा, त्याचा नट, पिन आणि पाना बोटीतच ठेवा.

नांगर टाकताना दोर खोलीच्या निदान ५ पट, वारा असेल तर ७ पट सोडा. खोली मोजताना पाण्यापासून नाळेपर्यंतची उंचीही धरा. बांधायचा मात्र नाळेलाच. मागे बांधला की लाटा सरळ बोटीच्या सर्वांत बुटक्या, इंजिनाने जड झालेल्या बाजूवर येतात आणि बोट भरते.

घरी आल्यावर

खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिनातून १० मिनिटं गोडं पाणी फिरवा आणि ट्रेलरचे ब्रेक आतून धुवा. पंखा काढून दांड्याभोवती मासेमारीची दोरी गुंडाळली आहे का बघा, ती सील कापते. मग गिअरकेसचा (इंजिनाच्या खालच्या टोकाच्या तेलाच्या पेटीचा) खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर तेल काढा. दुधाळ असेल तर पाणी आत गेलं आहे. सील बदलेपर्यंत बोट पुन्हा पाण्यात नेऊ नका. नवं तेल खालच्या भोकातूनच भरायचं, वरच्या भोकातून तेल येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून झटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे.