लॅपटॉपचं रिझोल्यूशन कमी करायचंय? कधी, किती आणि कसं

नवा लॅपटॉप घरी येतो, त्यावर मराठी ई-पेपर उघडला जातो आणि अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात. मग कुणीतरी हमखास सल्ला देतं, ‘रिझोल्यूशन कमी कर, मोठं दिसेल.’ मोठं दिसतंही. पण त्याबरोबर अनुस्वार पुसट होतो, वेलांटी शिरोरेषेत मिसळते आणि ‘द्ध’ की ‘द्व’ हे अंदाजाने वाचावं लागतं. इंग्रजी अक्षरं असा धुरकटपणा बऱ्यापैकी सोसतात. देवनागरीत एकाच अक्षराच्या वर-खाली इतकं काही असतं की तिला तो सोसत नाही.

असं होण्याचं कारण पडद्याच्या बांधणीत आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपक्यांची जाळी कारखान्यातच पक्की बसवलेली असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. हेच त्याचं मूळ रिझोल्यूशन. तुम्ही १३६६×७६८ निवडलं म्हणून ठिपके कमी होत नाहीत. लॅपटॉप लहान चित्र तयार करतो आणि ते ताणून मोठ्या जाळीवर बसवतो. हा ताण सुमारे १.४ पट. ठिपका मात्र १.४ असा पेटत नाही, एक तरी पेटतो किंवा दोन. म्हणून एका ठिपक्याच्या जाडीची रेघ शेजारच्या ठिपक्यात थोडी सांडते आणि तिथे करडी छटा येते. त्यात विंडोजचं क्लिअरटाइप प्रत्येक ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा हे तीन भाग वेगवेगळे मोजून अक्षराची कड रेखीव करतं. चित्र ताणलं की ती मोजणी फुकट जाते आणि कडांना रंगीत झालर दिसते. जुन्या ट्यूबवाल्या मॉनिटरला अशी ठरलेली जाळी नव्हती, त्यामुळे तिथे रिझोल्यूशन बदललेलं चालून जायचं. आजचा सल्ला त्या काळातून आलेला आहे.

अक्षरंच मोठी हवी असतील तर

रिझोल्यूशनला हात लावू नका, स्केल (अक्षरं आणि बटणं किती मोठी दाखवायची तो टक्का) वाढवा. विंडोज १० किंवा ११ मध्ये डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘स्केल’ या ओळीत १००, १२५, १५० असे टक्के दिसतील. १५.६ इंची फुल एचडी पडद्यावर १२५ पासून सुरुवात करा. चष्मा असेल किंवा पडदा १४ इंची असेल तर १५० घ्या.

यातलं गणित एकदा पाहून ठेवण्यासारखं आहे. फुल एचडीवर १५० टक्के स्केल केल्यावर कामाला जेवढी जागा उरते, ती बरोबर १२८०×७२० एवढी असते. म्हणजे रिझोल्यूशन १२८०×७२० ला उतरवून जो आकार मिळतो, तोच स्केलनेही मिळतो. फरक एवढाच की स्केलमध्ये प्रत्येक अक्षर मूळ जाळीवर नव्याने रेखलं जातं, त्यामुळे ते धारदार राहतं. १२५ टक्क्यांना ही जागा १५३६×८६४ होते.

फक्त मजकूर मोठा हवा, बाकी बटणं होती तेवढीच राहू देत, असं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टेक्स्ट साइझ’ आहे. तो २२५ टक्क्यांपर्यंत जातो. एखादंच संकेतस्थळ बारीक दिसत असेल, समजा होमस्टेत उतरलेल्या परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद भरायची आहे, तर कंट्रोल दाबून अधिकचं बटण पुरेसं आहे. ब्राउझर त्या संकेतस्थळापुरता झूम लक्षात ठेवतो. स्कॅन केलेल्या ई-पेपरचं पान म्हणजे चित्र असतं, म्हणून स्केलने त्याची अक्षरं धारदार होत नाहीत. तिथे झूमच करायचा.

जुनं सॉफ्टवेअर स्केल वाढवल्यावर धुरकट दिसू लागलं, तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘कम्पॅटिबिलिटी’ आणि ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असे जा. खालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात टिक करून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. सगळ्यांवर हे चालत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे.

रिझोल्यूशन खरंच कमी करावं अशी कामं

तीनच सांगता येतील.

पहिलं म्हणजे गेम. १९२०×१०८० वरून १२८०×७२० ला आलं की ग्राफिक्स चिपला दर फ्रेममागे (एकेका चित्रामागे) ९,२१,६०० ठिपकेच रंगवायचे असतात, निम्म्याहूनही कमी. पंखा नसलेल्या खोलीत एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉप तापतो, चिप स्वतःचा वेग उतरवते आणि गेम अडखळतो. तिथे हा उपाय लागू पडतो. मात्र रिझोल्यूशन गेमच्या सेटिंगमधून कमी करा, डेस्कटॉपचं नको. गेममध्ये ‘रेंडर स्केल’ किंवा ‘रिझोल्यूशन स्केल’ असेल तर त्याहून उत्तम. त्यात दृश्य कमी ठिपक्यांत तयार होतं, पण मेनू आणि आकडे मूळ रिझोल्यूशनवर स्पष्ट राहतात. ‘बॉर्डरलेस’मध्ये (गेम बिनचौकटीच्या खिडकीत चालतो तेव्हा) बहुतेकदा डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन घेतलं जातं, म्हणून आकडा बदलूनही फरक दिसला नाही तर ‘फुलस्क्रीन’ करून पाहा. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. रिझोल्यूशन आणखी खाली नेऊन फक्त चित्र बिघडेल.

दुसरं प्रोजेक्टर. शाळेत, देवस्थानच्या सभागृहात किंवा नाट्यमंडळाकडे अनेकदा १०२४×७६८ किंवा १२८०×८०० चा प्रोजेक्टर असतो. विंडोज की आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलं की दोन्हीकडे एकच आकडा ठेवण्यासाठी लॅपटॉपही खाली येतो. १०२४×७६८ हे ४:३ चं (रुंदी:उंची) चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं तर माणसं एक तृतीयांशाने रुंद दिसतात. अध्यक्षांना ते आवडत नाही. ‘एक्स्टेंड’ निवडा, म्हणजे दोन्ही पडदे आपापल्या मूळ रिझोल्यूशनवर राहतील आणि प्रोजेक्टर मध्येच बंद पडला तर त्यावरच्या खिडक्या लॅपटॉपवर परत येतील. डुप्लिकेटच हवं असेल तर आकडा प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनचा ठेवा, कारण प्रेक्षक तिकडे पाहतात.

तिसरं, ठरावीक आकारासाठीच बनवलेलं जुनं सॉफ्टवेअर, ज्यावर स्केलचा वरचा उपाय चालला नाही.

बॅटरी वाचवण्यासाठी मात्र हे करू नका. पावसाळ्यात लाईट गेली की ही युक्ती हमखास सुचते, पण पडद्यामागचा दिवा तेवढाच जळत राहतो. ब्राइटनेस उतरवा. पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) असेल तर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन ६० करा. त्याने खरा फरक पडतो.

आकडा कसा निवडायचा

आधी रुंदी-उंचीचं गुणोत्तर जुळवा. पडदा १९२०×१०८० असेल तर १६००×९००, १३६६×७६८ किंवा १२८०×७२०. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा थोडा उंच, १९२०×१२०० असतो. त्यावर १६८०×१०५०, १४४०×९०० किंवा १२८०×८०० घ्या. तिथे १३६६×७६८ घेतलं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, नाहीतर चित्र उभं ताणलं जाईल.

मग पट बघा. ३८४०×२१६० च्या पडद्यावर १९२०×१०८० बरोबर दुप्पट होतं, एका ठिपक्याचे चार. कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) तिथेही सवयीने कडा मऊ करतो. ‘इंटिजर स्केलिंग’ चालू केलं तरच चौकोनाला चौकोन बसतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ही सोय २०१९ मध्ये ट्युरिंग पिढीपासूनच्या चिपना दिली. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही ती आहे आणि इंटेलकडे ती ‘रेट्रो स्केलिंग’ या नावाखाली सापडते. फुल एचडीवर तिचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे बरोबर निम्मं म्हणजे ९६०×५४० आणि तेवढ्यात विंडोज ११ च्या खिडक्याही नीट मावत नाहीत.

प्रत्यक्ष बदल

१. उघड्या फाइल सेव्ह करा. डेस्कटॉपवर आयकॉन मांडून ठेवले असतील तर मोबाइलने फोटो काढा, कारण ते जागा सोडतात.

२. ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ची यादी उघडा. ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते मूळ रिझोल्यूशन. लिहून ठेवा.

३. नवा आकडा निवडा. विंडोज १५ सेकंद वाट पाहतं. ‘कीप चेंजेस’ दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. पडदा काळा झाला तर काहीही न दाबता थांबायचं.

४. स्केल पुन्हा तपासा. रिझोल्यूशन उतरवलं आणि स्केल १५० टक्केच राहिलं तर खिडक्या इतक्या मोठ्या होतात की ‘ओके’चं बटण पडद्याखाली जातं. १२८०×७२० ला स्केल १०० ठेवा.

५. आता ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र कसं बसवायचं ते ठरवा. एनव्हिडियात हे ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’मध्ये, तर एएमडीत डिस्प्लेच्या पानावर ‘जीपीयू स्केलिंग’खाली असतं. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर आतला पडदा सहसा इंटेलला जोडलेला असतो. एनव्हिडियात हा पर्यायच दिसत नाही म्हणून घाबरू नका, इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा.

इथे तीन पर्याय मिळतात. पूर्ण पडदा भरण्यात गुणोत्तर बिघडू शकतं. गुणोत्तर राखण्यात काळ्या पट्ट्या येतात, पण गोल गोलच राहतो. मध्यभागी ठेवण्यात चित्र अजिबात ताणलं जात नाही, म्हणून ते सर्वांत धारदार. त्याची किंमतही आहे: १५.६ इंची फुल एचडीवर १३६६×७६८ चं चित्र जेमतेम ११ इंचांचं उरतं आणि अक्षरं होती तेवढीच बारीक राहतात. रोजच्या वापराला गुणोत्तर राखणारा पर्याय बरा.

६. शेवटी शोधपट्टीत ‘क्लिअरटाइप’ टाइप करून नमुने निवडा. धुरकटपणा जाणार नाही, रंगीत झालर थोडी कमी होईल.

बिघडलं तर

चित्र गोठलं किंवा पडदा काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं बंद होत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करा. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा रीस्टार्ट करा आणि यादी आली की ३ दाबा. लॅपटॉप कमी रिझोल्यूशनवर उघडेल, तिथून दुरुस्ती करा.

तुम्ही काही न बदलताच सगळं मोठं आणि फुगलेलं दिसत असेल आणि यादीत एक-दोनच आकडे असतील, तर दोष पडद्याचा नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर बसवायचा राहून गेला की असं होतं. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ दिसलं तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून बसवा. रीस्टार्टनंतर मूळ रिझोल्यूशन यादीत दिसू लागतं.