कंत्राटी सफाई कामगाराची बुडवलेली मजुरी: दावा कसा बांधायचा

महापालिकेच्या सफाईच्या निविदेत एका कामगारामागचा खर्च बहुधा फोडून लिहिलेला असतो: किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी (पीएफ), ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा आणि वर कंत्राटदाराचा सेवा आकार. त्या हिशेबाने पालिकेची तिजोरी बिल चुकतं करते. झाडू मारणाऱ्याच्या हातात येताना मात्र त्यातले सात-आठ हजार गळालेले असतात, आणि कंत्राट कोणत्या नगरसेवकाच्या मेहुण्याच्या नावावर आहे हे हजेरी चौकीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या मेहुण्यावर बोट ठेवून मजुरी परत मिळत नाही. पालिकेने दिलेलं बिल आणि तुमचं बँक पासबुक शेजारी ठेवली की मिळू शकते. दावा याच दोन कागदांवर उभा करायचा.

आधी कायदा कोणता ते पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1948 चा किमान वेतन कायदा गेला. त्यांतल्या वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती. थकबाकी त्या तारखेच्या आधीची असेल तर कंत्राटदाराचा वकील जुनीच मुदत पुढे करतो. म्हणून त्या महिन्यांचा तक्ता वेगळा करा आणि दाव्यासोबतच विलंब माफीचा अर्ज जोडा. नंतर जोडू म्हटलं की एक तारीख फुकट जाते.

कागद जमवणं

पहिला कागद म्हणजे हजेरी. मस्टर, म्हणजे हजेरीपट, मुकादमाकडे असतं आणि वाद निघाला की ते हरवतं. आपली वही स्वतः ठेवा: तारीख, बीट किंवा रस्ता, सुरू आणि संपण्याची वेळ, मुकादमाचं नाव. आठवड्यातून दोनदा तरी चौकीच्या पाटीसह फोटो काढा. फोनवरचा फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. नेत्याच्या सभेला गाडी भरून नेलं, त्या दिवशीही मस्टरवर 'रस्ता सफाई' असंच चढतं. तो दिवस वहीत खरा काय होता तसाच लिहा. उलटतपासणीत खोटी नोंद एकच सापडली तरी सगळी वही संशयात जाते.

दुसरा, बँकेचा खातेउतारा. पूर्ण पगार खात्यात टाकायचा आणि एटीएम कार्डं मुकादमाने ठेवून फरक काढून घ्यायचा, ही जुनी चाल आहे. कागदावर सगळं चोख दिसतं, म्हणून हा दावा सर्वांत अवघड. तो फुटतो गटाने उतारे काढल्यावर. पंधरा-वीस जणांच्या उताऱ्यांत एकाच दिवशी, एकाच एटीएमच्या क्रमांकावरून, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सारखीच रक्कम निघालेली दिसली की अधिकाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. शाखेतून शिक्क्यासह उतारा घ्या आणि त्याच दिवशी जुनं कार्ड बंद करून नवं मागा. हे सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं. एकट्याने केलं तर दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी बंद होते.

तिसरा, पीएफचं पासबुक. सक्तीची वर्गणी 15,000 रुपयांच्या मर्यादेवर धरली तर कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,800. मालकाचे 12 टक्के, अधिक विमा आणि प्रशासन खर्च मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950. पगारपत्रकात कपात 3,750 दिसली तर मालकाचा वाटाही तुमच्याच खिशातून जातोय. ईएसआयचंही तसंच: कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. 19,500 वर तुमची कपात 147 रुपये हवी. 780 असेल तर दोन्ही वाटे तुम्हीच भरताय. पासबुकात आणखी एक गोष्ट हाती लागते. कंत्राटदार दर वर्षी नाव बदलतो, पण तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो. एकापाठोपाठ एक आस्थापनांची नावं आणि काम मात्र त्याच वॉर्डात, हा सलग सेवेचा उत्तम पुरावा.

माहिती अधिकार

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. त्यामुळे तीन अर्ज करा, प्रत्येकी 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पहिल्यात करारनामा, कार्यादेश आणि दराचं पृथक्करण मागा. दुसऱ्यात ठरावीक महिन्यांची देयकं आणि त्यांना जोडलेली हजेरीपत्रकं, वेतन अदा केल्याचे बँकेचे पुरावे, पीएफ-ईएसआयची चलनं. तिसऱ्यात सुरक्षा अनामत किती, कोणत्या स्वरूपात, त्यातून आजवर काय वळतं केलं.

'कंत्राटदाराची सर्व माहिती द्या' असा अर्ज हमखास फेटाळला जातो. महिना आणि प्रभाग नेमका लिहा. वैयक्तिक माहितीचं कारण आता जास्त सहज पुढे केलं जातं, म्हणून 'इतर कामगारांचे खाते क्रमांक व नावं झाकून प्रती द्याव्यात' हे वाक्य अर्जातच घाला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 नुसार कागदाचा देण्याजोगा भाग वेगळा करून द्यावा लागतो. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या तिकिटासह.

हिशेब

कामगार विभागाच्या अधिसूचनेतून स्थानिक संस्थांच्या उद्योगासाठीचा, तुमच्या परिमंडळाचा आणि कुशल-अकुशल वर्गाचा दर घ्या. विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो, म्हणून प्रत्येक सहामाहीची ओळ वेगळी. सगळ्या काळाला आजचा दर लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि समोरचा वकील सुरुवात तिथूनच करतो.

समजा मूळ दर 12,000 आणि भत्ता 7,500. एकूण 19,500, भागिले 26, म्हणजे रोज 750. हातात आले रोज 480. फरक 270; महिन्याला 26 दिवसांचे 7,020. सोयीसाठी दर एकच धरला तर 14 महिन्यांचे 98,280. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दर दुप्पट, म्हणजे 1,500; तिथे फरक 1,020. महिन्यातले दोन रविवार धरून 28 दिवसांचे 28,560. बेरीज 1,26,840. घरभाडे भत्ता, म्हणजे 50 किंवा जास्त कामगार असतील तर 5 टक्के, हा वेगळ्या राज्य कायद्यातला आहे. तो या बेरजेत मिसळू नका.

दावा कुणावर आणि कुठे

कंत्राटदार आणि महापालिका, दोघांनाही प्रतिवादी करा. 'कामगार आमचे नाहीत' हे पालिकेचं ठरलेलं उत्तर. वेतन संहितेच्या कलम 43 नुसार मालकाने दिलं नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम चालतं त्याची जबाबदारी येते. 50 किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तर व्यवसाय सुरक्षा संहितेचं कलम 55 तेच अधिक स्पष्ट सांगतं: मुख्य नियोक्त्याने, म्हणजे इथे पालिकेने, पैसे द्यावेत आणि कंत्राटदाराकडून वसूल करावेत.

दावा वेतन संहितेच्या कलम 45 खाली, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो आणि नोंदणीकृत संघटना तो करू शकते. मागणीत मूळ रक्कम लिहाच, शिवाय दहा पटींपर्यंतची भरपाई शब्दांत मागा. मागितलीच नाही तर अधिकारी आपणहून द्यायला बसलेला नसतो. कलम 59 नुसार पैसे दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. हे कलम अर्जाच्या पहिल्याच पानावर टाका. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

कायम करण्याची मागणी या दाव्यात घालू नका. कंत्राट बोगस आहे की नाही हा प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणाचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच ठरवलंय. मजुरीच्या दाव्यात तो शिरला की दावा वर्षानुवर्षं लोंबकळतो. वेगळ्या वाटेने तो जिंकता येतो: मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने 2,700 सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकवला. अंमलबजावणीत मात्र नावांच्या स्पेलिंगवरून अनेकांचं अडलं. आधार, पासबुक आणि यूएएन या तिन्हींवरचं नाव आजच जुळवून घ्या.

नगरसेवकाचं काय

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 नुसार पालिकेच्या कंत्राटात स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो. मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे. नुसतं नातं पुरत नाही. त्याचा स्वतःचा वाटा दाखवावा लागतो. त्याचं निवडणुकीचं शपथपत्र, भागीदारी संस्थेचा नोंदणी उतारा, कंपनी असेल तर संचालकांची यादी, असे कागद जुळवा. ही तक्रार निराळी आणि नंतरची. मजुरीच्या अर्जात त्याचं नाव आलं की 'राजकीय हेतूने केलेला दावा' हे वाक्य समोरच्याला आयतं मिळतं, आणि खवळलेले कार्यकर्ते नेमकी हीच मेजवानी त्याला वाढतात.

निकालानंतर

अधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं संहिता म्हणते. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. प्रत्येक तारखेला एकजण हजर राहील अशी पाळी लावा, कारण गैरहजेरीत दावा निकाली निघाला तर पुन्हा उभा करणं जड जातं. निकालावर 90 दिवसांत अपील करता येतं. रक्कम भरली नाही तर वसुलीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तहसील कार्यालयात ते प्रमाणपत्र महिनोन्महिने पडून राहतं, बहुतेकदा 'मालमत्तेचा तपशील नाही' या शेऱ्यासह. म्हणून प्रमाणपत्र निघताच कंत्राटदाराची मालमत्ता, त्याचं पालिकेकडे अडकलेलं बिल आणि माहिती अधिकारात मिळालेला अनामतीचा आकडा लेखी द्या, आणि पालिकेच्या लेखा विभागालाही त्याच दिवशी प्रत देऊन ते बिल व अनामत मोकळी करू नये असं कळवा.