‘सर्दीच असेल’ म्हणून थांबू नका: रस्त्यावरून आणलेल्या मांजराच्या श्वासाबाबत या चुका टाळा

रस्त्यावरून घरी आणलेलं मांजर पहिल्या काही दिवसांत शिंकायला लागलं तर त्यात नवल नाही. डोळे पाणावलेले, नाक चोंदलेलं, श्वासाला आवाज. आपण म्हणतो, सर्दी झालीय, जाईल. बहुतेकदा जातेही. पण छातीत साचलेलं पाणी, फुप्फुसातले जंत, दमा, जुना मार हे सगळं याच ‘सर्दी’च्या नावाखाली खपून जातं, आणि तिथे वाट बघत बसणं मांजराच्या जिवावर बेततं.

माझ्या बोक्याच्या बाबतीत मी तीन महिने वाट बघितली. तो पोटभर खायचा, पायाला अंग घासायचा. फक्त खिडकीत उडी मारून गेला की बराच वेळ तिथेच बसून राहायचा, आणि बसताना पुढचे कोपर अंगापासून जरा लांब ठेवायचा. मला वाटायचं, स्वभावच शांत आहे. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटलाय आणि यकृताचा काही भाग, आतड्याची वेटोळी थेट छातीत सरकलीत. माझ्याकडे येण्याआधी कधीतरी गाडीची धडक बसली असणार. अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता. अशी जखम महिनोन्‌महिने लपून राहू शकते, कारण रस्त्यावर वाढलेलं मांजर दुखणं दाखवतच नाही. तिथे दुबळं दिसणं परवडत नाही.

श्वास कधी मोजलाच नाही

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती टाळायला घड्याळाशिवाय काही लागत नाही.

मांजर गाढ झोपलेलं असताना त्याच्याजवळ बसा, हात लावू नका. बरगड्या वर जाऊन खाली आल्या की एक श्वास. जमलं तर पूर्ण मिनिट मोजा, नाहीतर 30 सेकंद मोजून दुप्पट करा. झोपेत मिशा आणि पंजे फडफडत असतील तर ते स्वप्नात आहे, तेव्हाचा श्वास वेडावाकडा असतो. थोडं थांबून मोजा. घुरघुरत असतानाही मोजू नका. घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे असंही धरू नका, कारण मांजर त्रासात असतानाही घुरघुरतं.

झोपेतला आकडा साधारण 15 ते 30 च्या मध्ये असतो. पुन्हा पुन्हा 30 च्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवा. स्वस्थ पडलेलं असूनही 40 च्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवा. मांजर घरी आल्यापासूनच दर दोन-तीन दिवसांनी हा आकडा फोनमध्ये टिपून ठेवा. दवाखान्यात भीतीनेच श्वास वाढतो, त्यामुळे घरचा शांत आकडा डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असला तर आणखी चांगलं.

आकड्याइतकंच बघायचं ते म्हणजे श्वासाला पडणारे कष्ट. झोपलेल्या निरोगी मांजराची छाती इतकी हलकी हलते की नजर लावून बसावं लागतं. लांबूनच पोट भात्यासारखं आतबाहेर होताना दिसत असेल, प्रत्येक श्वासाला डोकं हलत असेल, मान पुढे ताणलेली असेल, किंवा छाती फुगताना पोट आत ओढलं जात असेल, तर आकडा कितीही असो, ते मांजर आजारी आहे.

नाकाचं दुखणं आणि छातीचं दुखणं एकच समजणं

नाकाचं दुखणं आवाज करतं. शिंका, शेंबूड, चिकटलेले डोळे, घरघर. यामागे बहुधा मांजरांचा हर्पीस किंवा कॅलिसी हा विषाणू असतो. कॅलिसीत जिभेवर फोड येतात आणि लाळ गळते. हर्पीस एकदा शिरला की बहुतेक मांजरांच्या अंगात जन्मभर राहतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं, ऑपरेशन झालं की ताणामुळे पुन्हा डोकं वर काढतो. लस घेतलेल्या मांजरालाही हे होऊ शकतं. लसीने आजार सौम्य होतो, पूर्ण टळतोच असं नाही.

यात खरी काळजी खाण्याची. मांजराला वास आला नाही तर ते ताटलीकडे ढुंकूनही बघत नाही. खाणं किंचित कोमट करून द्या, म्हणजे वास सुटतो. नाकावरची खपली कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर दवाखाना गाठा. मोठं मांजर सलग काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते, आणि ते दुखणं मूळ सर्दीपेक्षा भारी पडतं. पिल्लांना तर एवढाही वेळ नसतो.

एक वेगळा प्रकार लक्षात ठेवा: तरुण मांजर, शिंका फारशा नाहीत, पण जागेपणीही घोरल्यासारखा आवाज. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला मांसाची गाठ वाढलेली असू शकते. तिला अँटिबायोटिकने काही होत नाही, ती काढावीच लागते.

छातीचं दुखणं मात्र गुपचूप असतं. फुप्फुसांभोवती पाणी किंवा पू साचला की शिंक नाही, घरघर नाही, नुसता भराभर उथळ श्वास. मारामारीतल्या चाव्यातून छातीत पू होतो, हृदयविकारात पाणी साचतं, एफआयपी या मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या आजारात साचतं, फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूशी जोडलेल्या गाठींमुळेही साचतं. नवीन मांजराची ल्युकेमिया आणि एफआयव्हीची (प्रतिकारशक्ती कमी करणारा मांजरांचा विषाणू) तपासणी म्हणूनच टाळू नये. ओठ उचलून हिरड्याही बघा. त्या पांढुरक्या असतील तर धाप फुप्फुसाची नसून रक्त कमी झाल्याचीही असू शकते. पिसवांनी पोखरलेल्या पिल्लात हे हमखास दिसतं.

खोकल्याला केसांचा गोळा समजणं

मांजर जमिनीसरसं दबकून बसतं, मान लांब ताणतं, कोरडी ढास लागते, शेवटी एकदा गिळल्यासारखं करतं आणि काही झालंच नाही असं निघून जातं. आपण म्हणतो, केसांचा गोळा अडकला होता. पण गोळा बाहेर पडला का? ओकारी येताना पोट ढवळून निघतं आणि शेवटी काहीतरी पडतं. दरवेळी काहीच पडत नसेल तर तो खोकला आहे. दमा असू शकतो, किंवा फुप्फुसातले जंत.

या जंतांबाबत ‘जंताची गोळी दिलीय की’ हे उत्तर पुरत नाही. गोगलगाय खाल्लेला उंदीर, पक्षी किंवा पाल मांजराने खाल्ली की हे जंत पोटातून फुप्फुसात पोचतात. नेहमीच्या प्रत्येक गोळीने ते मरत नाहीत, आणि विष्ठेच्या साध्या तपासणीत सहज सापडतही नाहीत. खोकणारं मांजर रस्त्यावर शिकार करून जगलेलं आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, म्हणजे ते वेगळ्या पद्धतीची तपासणी करतील. त्याआधी अंदाजाने दम्याचं स्टेरॉइड सुरू करू नका. त्याने जंत, पू, सुप्त हर्पीस सगळंच बिघडू शकतं.

घरातली औषधं

पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, चिमूटभर नाही, ‘तापापुरती’ नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकदच जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. एक गोळी जीव घ्यायला पुरेशी आहे. चुकून पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. माणसांची सर्दीची मिश्र औषधंही याच कारणाने वर्ज्य.

वाफ द्यायची तर बंद बाथरूममध्ये गरम पाणी सोडून मांजराला घेऊन दहा मिनिटं बसा. पाण्यात काही टाकू नका, नाकाला बाम लावू नका. निलगिरी, टी ट्री, कापूर हे मांजरासाठी विष आहे. सिगारेटचा धूर, सेंटचे फवारे आणि धूळ उडवणारं लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली माती) दम्याच्या मांजराच्या खोलीत नकोच.

मागच्या मांजराची उरलेली अँटिबायोटिक नव्याला देणं हीही नेहमीची चूक. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची गोळी लिहून दिली असेल तर ती कोरडी घशात ढकलू नका. ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. मागोमाग थोडं पाणी किंवा ओलं खाणं द्या.

तोंड उघडं टाकून श्वास घेत असताना थांबणं

मांजर नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. जोरात खेळून झाल्यावर क्षणभर तोंड उघडलं तर वेगळं, पण बसल्या जागी तोंड उघडं, जीभ किंवा हिरड्या निळसर, म्हणजे त्याच मिनिटाला निघायचं. घाबरून आपण नेमकं नको ते करतो: उचलून छातीशी घट्ट धरतो, कुशीवर आडवं पाडून बघतो, सिरिंजने पाणी पाजतो. आडवं पाडल्याने उरलासुरला श्वासही कोंडतो आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. त्याला हव्या त्या स्थितीत, बहुधा पोटावर दबकून, हवेशीर कॅरियरमध्ये बसू द्या. वरून उघडणारा असेल तर झटापट होत नाही. निघण्याआधी फोन करून ‘मांजराला धाप लागलीय, ऑक्सिजन तयार ठेवा’ एवढं सांगा. पोचल्यावर डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन देऊन थोडा वेळ शांत ठेवलं आणि एक्स-रे नंतर काढू म्हटलं, तर घाई करू नका. तशा अवस्थेत धरून ठेवलेली मांजरं टेबलावरच दगावतात.

पहिल्याच दिवशी घरच्या मांजरात सोडणं

दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं लिटर, आणि नव्याला हाताळल्यावर साबणाने हात. शक्य असेल तर अंगावरचा सदराही बदला, कारण शिंकेचे थेंब कपड्यांवरून जातात. हर्पीस बाहेर एखादा दिवसच टिकतो, पण कॅलिसी आठवडाभर, कधी महिनाभरसुद्धा तग धरतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. फिनाइल तसंही मांजराला विषारी. भांडी धुऊन मग पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच खोलीत परत ठेवा.