‘लाइम’ मागवताना नाव नको, नमुना द्या

कुर्ता असो, साडी असो की भिंतीचा रंग, ‘लाइम’ या नावावर विसंबून मागवू नका. वेबपेजच्या रंगयादीत ‘लाइम’ म्हणजे ० ते २५५ च्या मापात लाल ०, हिरवा २५५, निळा ०. निव्वळ भडक हिरवा. लिंबाचा पिवळेपणा त्यात औषधालाही नाही. कापडवाले त्याच नावाने बहुधा पोपटीकडे झुकणारी छटा देतात, आणि आपल्या दुकानांत ‘लिंबू कलर’ म्हटलं की पिकल्या लिंबाचा फिका पिवळा समोर येतो.

डिझायनरला थेट आकडे सांगा: पोपटीसर लाइमसाठी लाल १९१, हिरवा २५५, निळा ० पासून सुरुवात करा. ब्लाउज पीससाठी मात्र आकडे कुचकामी. साडीच सोबत न्या आणि दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात जुळवा. पिवळ्या बल्बखाली ही छटा जास्त पिवळी भासते. शिवाय दोन कापडांतली रंगद्रव्यं वेगळी असतील, तर ती एका उजेडात जुळून दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात.

भिंतीवर आधी हातभर चौकोन रंगवून सकाळ-संध्याकाळ बघाच. भरउजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीजवळच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. हा रंग लगेच डोळ्यांत भरतो, झोपायच्या खोलीत तर नकोसा होतो.