अंधारबनला जाताय? मग आधी ओढा पार करायला शिका

जून लागला की प्रत्येक ग्रुपवर ताम्हिणी घाटाजवळच्या अंधारबनच्या जंगल ट्रेकचा मेसेज पडतोच, आणि खाली कोणीतरी लिहितंच, "सोपाय रे, चढच नाहीये". चढ नाहीये हे खरंय. पिंपरी गावच्या तलावापासून हिर्डी गावापर्यंत जवळजवळ सपाट, गच्च झाडीतून आडवी वाट, एका अंगाला कुंडलिकेची दरी, आणि मग हिर्डीनंतर भिऱ्यापर्यंत नुसता उतार, सगळं मिळून १३-१४ किमी. पण या वाटेला वरून येणारे ओढे आडवे येतात आणि तेच पुढे थेट दरीत कोसळतात, म्हणजे पाय घसरला तर खाली थांबायला जागाच नाही. हे सोपं म्हणणारे कधी सांगत नाहीत.

जायचं कसं तर चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी रोडने निवे आणि तिथून आत पिंपरी. मॅपवर नुसतं पिंपरी टाकू नका, चिंचवडला पोचाल.

निघायच्या आदल्या रात्री घाटमाथ्याचा अंदाज बघा, पुणे शहराचा नाही. २०२४च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिमीच्या वर पाऊस झाला होता, शिवाजीनगरला अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या जवळपास! रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर सरळ प्लॅन कॅन्सल करा, बुकिंगचे पैसे गेले तर जाऊदेत. बंदी आहे का तेही विचारून घ्या, २०२४ला लोणावळ्याच्या भुशी डॅमजवळ एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर कलेक्टर ऑफिसने बऱ्याच ठिकाणी बंदीचे आदेश काढले होते आणि आता दर पावसाळ्यात काही ना काही असतंच.

आता ओढा. पाण्यात उतरायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. तळ दिसतोय का? पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला तर वरती जोरात पडतोय असं समजा, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी, आणि लगेच मागे फिरा. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि ओढ असेल तर पार करायचं नाही, एवढंच. पाऊस थांबला की हे छोटे ओढे तासा-दोन तासात उतरतात, तेवढं थांबा, डबा खा.

पार करायचंच असेल तर जिथे पात्र पसरट आहे तिथून, अरुंद जागेतून नाही, अरुंद म्हणजे खोल आणि जोरात. धबधब्याच्या तोंडापाशी तर अजिबात नाही, फोटो कितीही भारी येत असला तरी. सॅकचे छातीचे आणि कमरेचे बेल्ट आधी सोडा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. बूट काढू नका, शेवाळलेल्या कातळावर अनवाणी पाय टिकत नाही. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, आडवं आडवं सरकायचं आणि एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. लोक रोप कमरेला गाठ मारून बांधतात ते बघून मला फार भीती वाटते, माणूस पडला की तोच रोप त्याला पाण्याखाली दाबून धरतो. रोप फक्त हाताने धरायला, तोही दोन्हीकडे नीट बांधता येणारा कोणी असेल तर.

बाकी सामान नेहमीचंच, पोंचो, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे, टॉर्च (झाडीत चार वाजताच अंधारतं). छत्री नको. सकाळी आठच्या आत चालायला लागा.

हिर्डीला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला असेल आणि ग्रुप दमलेला असेल तर पुढे भिऱ्याला उतरायच्या भानगडीत पडू नका, उतार लांब आहे आणि गुडघ्यांची वाट लावतो. पण आलेल्या वाटेने परत म्हणजे तेच ओढे पुन्हा, तेव्हा पाऊस वाढलेला असेल तर गावातच कोणाला तरी विचारून ठरवा. आणि भिऱ्याला उतरणार असाल तर गाडी आधीच खाली पाठवलेली हवी, पाटणूस-विळे करून ताम्हिणी घाटाने परत पुण्याला यायला वीकेंडच्या ट्रॅफिकमध्ये रात्र होते.