ढग आला की पाऊल उचला

आंबोलीत सप्टेंबर-ऑक्टोबरात एका सकाळीत दहा वेळा ऊन-सावली होते. फुलपाखरांच्या फोटोसाठी मला हेच दिवस हवे असतात. पहिल्या वर्षी मी उन्हात त्यांच्यामागे नुसती धावले आणि कार्डभर धुरकट पंख घेऊन घरी आले.

फुलपाखराचं अंग उन्हानं तापलं तरच त्याला नीट उडता येतं. म्हणून ऊन असताना फक्त बघा: ते कुठल्या घाणेरीवर, कुठल्या पानावर परत परत येतंय. ढग आला की ते जवळच्या पानावर बसतं. तेव्हा हळूच पुढे व्हा, खाली बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा. पुन्हा ऊन पडलं की बरीच फुलपाखरं लगेच उडत नाहीत, पंख पसरून ऊन खातात. फोटो तेव्हाच घ्यायचा. आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ठेवलं की डोळ्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

नीलवंत, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, मध पितानाही पंख फडफडवत राहतं. त्याला शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. पाऊस थांबून ऊन पडलं की हिरण्यकेशी नदीकडच्या ओहोळाकाठी बघा. ओल्या मातीतले क्षार शोषायला नर उतरतात. चिखलपानात ते इतके रमतात की हातभर अंतरावरून फोटो मिळतो.

पतंगांसाठी अंधारी, दमट, वारा नसलेली रात्र निवडा. पडवीत पांढरी चादर बांधून समोर दिवा लावायचा. पाऊस भुरभुरला तरी चालतो. बसलेला पतंग पंख थरथरवू लागला की तो उडण्यासाठी अंग तापवतोय, तुमच्या हातात थोडाच वेळ आहे. ॲटलास हा भलामोठा पतंग आला तर त्याला काडीनं हलवून पंख उघडायला लावू नका. प्रौढ ॲटलास काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या शक्तीवरच त्याला जोडीदार गाठायचा असतो.

आणि दिवा रात्रभर ठेवू नका. मी बाराच्या आत विझवते आणि चादर हळूच झाडाखाली झटकते, नाहीतर उजाडताच बुलबुल आणि दयाळ ती वेचून साफ करतात.